भिंतीआड जाणारा जोड

आमच्या थोरल्या सुनेला विचारायची सवयच नाही. आधी करून मोकळी होते, मग आपण बघत बसायचं. नातीच्या खोलीच्या दाराची जागा बदलताना भिंतीतली जुनी केबल तुटली आणि हातभर कमी पडली. तर हिने तिला नवा तुकडा जोडला आणि जोडाची डबी भिंतीच्या पोटात बसवून दिली. वरून गिलावा होणार, आणि त्याच भिंतीला नातीची उशी! मला हे कळलं कुणाकडून, तर गिलाव्याच्या मिस्त्रीकडून.

मी स्टूल ओढलं आणि भिंतीतल्या भगदाडासमोर ठाण मांडलं.

"आजी, माल कालवलाय. सुकेल हो," मिस्त्री कळवळला.

"सुकू दे. मी काही सुकत नाही."

सून आली. ती वायरिंगची कामं घेते, रीतसर शिकलेली आहे. मी चौथीत शाळा सोडली. पण या घरातली वीज ह्यांनी आणि मी मिळून खेळवली. हे शिडीवर, मी खाली सोल्डर तापवायला. केबलच्या केसासारख्या बारीक तारा पिळायच्या, त्यांना कथील पाजायचं, टोक खिळ्यासारखं टणक झालं की स्क्रूखाली आवळायचं. एक केस बाहेर डोकावला तरी हे अख्खा जोड पुन्हा करायला लावत. हे गेले, तरी दर वर्षी घरातल्या जोडांच्या बाराही डब्या उघडून मी स्क्रू आवळते. दर वर्षी पाव फेरा सैल निघतोच. म्हणून म्हणते, जोड डोळ्यांसमोर हवा. गाडलेल्या जोडाला आवळणार कोण? तापला, पेटला, तर पहिली झळ पोरीला.

"आई, हा आवळावा लागत नाही," सून म्हणाली.

"न आवळता जागेवर राहतं असं जगात काय आहे गं? नवरासुद्धा राहत नाही."

मिस्त्रीने हसू थापीआड लपवलं. सुनेने मात्र खिशातून तीन कनेक्टर काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"हा आपला स्क्रूचा. हा भिंतीत पुरायचाच नाही. दुसऱ्यात तार नुसती खुपसायची, पण तार एकसंध लागते. आपली जुनी केबल केसांची, नवी एकसंध. म्हणून तिसरा, दांडीवाला. दोन्ही धरतो. आणि डबी केबलला बाहेरूनच कवळते, म्हणजे ओढ बसली तरी जोडावर येत नाही. पुन्हा न उघडता ठेवायलाच कनेक्टर आणि डबीची ही जोडी बनवलीय."

"बोलणं झालं? आता हीटर लाव. तुझा जोड आणि दारावरचा ह्यांचा जोड, एकाच वायरीवर आहेत. दोन तास दोघांतून वीज जाऊ दे. मग माझा हात सांगेल."

"दोन तास?" मिस्त्री ओरडला. "माझा माल!"

"दुसरा कालव. घमेलं काही पळून जात नाही."

दोन तास मी स्टूल सोडलं नाही. मग सुनेने मेन स्विच पाडला, टेस्टर लावून पाहिला आणि बाजूला झाली.

आधी ह्यांच्या जोडाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मागच्याच महिन्यात मनगट दुखेपर्यंत आवळला होता मी. मग सुनेच्या जोडाला. गार. पाण्याच्या माठासारखा गार. पुन्हा लावला, बोट तसंच ठेवलं. गारच.

सुनेने जुना स्क्रू सोडून वायर बाहेर काढली. कथील पाजलेलं टोक चेपून पसरलं होतं, कडेने काळं पडलं होतं.

"कथील मऊ असतं, आई. स्क्रूच्या दाबाने हळूहळू पसरतं आणि पकड सैल पडते. तुम्ही आवळता, ते आणखी पसरतं."

म्हणजे आमची काळजीच जोड खात होती. इतकी वर्षं. सुनेच्या जोडातला कनेक्टर डबीबाहेर घेऊन मी उजेडात धरला. पारदर्शक होता. आत तांबं तळापर्यंत गेलेलं दिसत होतं आणि त्यावर टेकलेली नखाएवढी वाकडी पोलादी पाती.

"तांबं तापून फुगलं की पाती मागे सरते," सून हळू म्हणाली. "गार होऊन आकसलं की मागोमाग येते. पकड सोडत नाही."

मी तार दोन्ही हातांनी ओढली. स्टुलावरून उठून, पाय रोवून ओढली. मिस्त्री मला सावरायला धावला, तार हलली नाही. मग सुनेने दांडी एका बोटाने उचलली आणि तार अलगद हातात आली, जशी काही धरलीच नव्हती. एवढीशी पाती! अंधारात, भिंतीच्या पोटात, कुणी बघत नसताना, उन्हाळ्यात फुगणाऱ्या आणि थंडीत आकसणाऱ्या तांब्याच्या मागे चालत राहणार. हा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल? त्याला मी खुर्चीत बसवून पंख्याने वारा घातला असता.

मिस्त्री थापी घेऊन ताटकळला होता. सून माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच विचारल्यासारखी.

"बघतेस काय? तार परत बसव, डबी बंद कर आणि भिंत बुजवून घे," मी म्हटलं. "आणि ऐक. चूक ह्यांची होती, माझीही होती, आणि हात तुझा खरा आहे. उद्यापासून बाराही डब्या उघडायच्या. ह्यांनी कथील पाजलेलं एकेक टोक मी कापेन, नवा जोड तू दे. शिडी मात्र मी धरणार."