ब्रिनच्या लग्नाची बिअर

वेंडेलच्या पोटात दुखायला लागलं ते मार्चमधल्या एका फोनपासून. त्याची एकुलती एक लेक ब्रिन म्हणाली, "डॅड, जूनमध्ये लग्न आहे ना, तर बिअर लाइल करणार आहे. हलकी, सोनेरी ब्लॉन्ड एल. तुला चालेल ना?"

"मला काय विचारतेस? लग्न तुझं," असं म्हणून वेंडेलने फोन ठेवला आणि ओट्याखालच्या कपाटाला सणसणीत लाथ घातली. कपाटाचं काही गेलं नाही. अंगठा मात्र आठवडाभर सुजला.

लाइल म्हणजे ब्रिनच्या आईचा, आर्डिसचा, दुसरा नवरा. पहिला वेंडेल. काडीमोड झाला तेव्हा घर आर्डिसकडे गेलं, घराबरोबर गॅरेज गेलं आणि गॅरेजमधलं घरी बिअर करायचं सामानही गेलं. सहलीला बर्फ न्यायची एक निळी पेटी होती, तिच्यात धान्य भिजवायला म्हणून वेंडेलने खाली तोटी बसवली होती. मेपलच्या फळीतून स्वतः कोरलेला ढवळायचा दांडा होता. जाऊ दे म्हणाला तो. नवी स्टीलची भांडी घेतली, घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबात बक्षिसं मारली, काळ्या कडक बिअरसाठी अर्ध्या विस्कॉन्सिनात नाव कमावलं. आणि आता टपाल वाटणारा हा लाइल, ज्याने दोन वर्षांपूर्वी हौस म्हणून वेंडेलच्याच पेटीत पहिल्यांदा धान्य भिजवलं, तो ब्रिनच्या लग्नाची बिअर करणार! बाप धडधाकट जिवंत असताना!

खरं सांगायचं तर ब्रिनने आधी बापालाच विचारलं होतं, नाताळात. तेव्हा तो खो खो हसला होता. "ब्लॉन्ड? ती काय बिअर आहे? भांडी विसळलेलं पाणी ते. तुझ्या लग्नाला अशी काळी करतो बघ, लोक चमच्याने खातील." ब्रिन गप्प बसली. त्याला वाटलं, पटलं तिला. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे. स्वतःलाही नाही.

मे महिन्यात एका शनिवारी सकाळी लाइलचा फोन आला.

"वेंडेल, जरा येतोस का रे? लग्नाची बिअर करायला घेतली आहे, पण तोटीतून थेंब येईना. काय करू काही सुचत नाही. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?"

इतक्या आनंदाने वेंडेल गाडीत कधीच बसला नव्हता.

गॅरेजमध्ये लाइल निळ्या पेटीसमोर उकिडवा बसला होता. त्याच्या हातात तोच मेपलचा दांडा. तो बघूनच वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पेटीचं झाकण उघडलं.

"किती वेळा दळलंस हे?"

"दोनदा. म्हटलं, बारीक दळलं की गोडी जास्त उतरेल."

"अरे गाढवा, पीठ केलंस की! जवाची टरफलं शाबूत राहिली पाहिजेत, त्यांच्यातून तर पाणी गाळून येतं. आता खाली खळ बसली आहे नुसती. वॉलपेपर चिकटव घरभर."

लाइल मनापासून हसला. "म्हणून तर तुला बोलावलं."

या माणसाचं हेच डोक्यात जायचं. भांडावं म्हटलं तर हा हसतो.

वेंडेलने तोटीला नळी लावली, तिच्यातून कढत पाणी उलटं वर चढवलं, तळाचा लगदा मोकळा केला आणि पंधरा मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग तोटी केसभर उघडली. जवाचं गोड पाणी आधी गढूळ आलं, मग नितळ, आणि मग अगदी सोन्यासारखं. त्याने चमचाभर चाखलं आणि चेहरा दगडासारखा ठेवला. चांगलं होतं. वाईट म्हणजे फारच चांगलं होतं.

तासभर उकळलं, हॉप्सची मूठभर कडवट फुलं पडली, गार झालं, पांढऱ्या बादलीत ओतलं. आता इथून पुढे त्याला जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या भांड्याशिवाय काही लागता कामा नये, हे लाइलसुद्धा जाणत होता. काळ्या बिअरच्या पोटात दहा चुका खपून जातात. ब्लॉन्डमध्ये एक केस पडला तरी जिभेला कळतो.

"फ्रिजमधून यीस्ट आणतो," म्हणून लाइल घरात गेला.

दारापाशी पिकल नावाचं त्याचं लठ्ठ कुत्रं जमिनीवर पडलेला मेपलचा दांडा चाटत होतं. गोड लागत असणार. लाळेची नुसती धार लागली होती.

वेंडेल बादलीकडे बघत राहिला. त्याला जूनमधलं लग्न दिसलं. लोक लाइलच्या पाठीवर थापा मारतायत, ब्रिन लाइलच्या गालाची पापी घेते आहे, आणि बाप कोपऱ्यात सॉसेज चघळतोय. यीस्ट घालायच्या आधी हवा मिसळावीच लागते, तो मनाशी म्हणाला. ढवळावंच लागतं. त्याने पिकलच्या तोंडातून दांडा काढून घेतला आणि बादलीत घालून चांगलं खसाखसा ढवळलं. मग दांडा भिंतीला टेकवला आणि लाइल आला तेव्हा तो खिशात हात घालून शीळ घालत होता.

पुढच्या शुक्रवारी तळलेले मासे खायला सगळं गाव जमतं तिथं ब्रिन भेटली. समोर बसली आणि त्याच्याच ताटातला बटाटा उचलत म्हणाली, "लाइल म्हणत होता, तू गेला नसतास तर बिअर झालीच नसती. थँक यू, डॅड. मला वाटलं होतं, तू रागावशील."

वेंडेलने ताट तिच्याकडे सरकवलं. लेकीच्या लग्नात लोक आंबूस घोट घेऊन तोंडं वाकडी करणार, आणि ही लाजेने लाल होणार. लाइल नव्हे, ही! काय केलं आपण?

शनिवारी उजाडताच त्याने जव दळले, एकदाच, जाडसर. आयुष्यात पहिल्यांदा ब्लॉन्ड केली. चार वेळा हात शिवशिवले, दोन मुठी हॉप्स अजून टाकू, थोडं काळं धान्य टाकू. त्याने हात पाठीमागे बांधून ठेवले. पाच आठवडे त्या पिंपाला तान्ह्या पोरासारखं जपलं.

लग्नाच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी तो पिंप घेऊन शेतावर पोचला. ओकच्या झाडाखाली बर्फाचं घमेलं होतं, ग्लास मांडलेले होते, नळी जोडायला तयार होती. पिंप मात्र नव्हतं. लाइल एकटाच ग्लास पुसत होता.

"आणलीस?" लाइल म्हणाला.

वेंडेलने पिंप खाली ठेवलं. "तुझी कुठाय?"

"ओतून दिली. त्याच दिवशी. सिंकसमोर खिडकी आहे ना रे, गॅरेज दिसतं तिच्यातून. तूच बसवलेली."

वेंडेलला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ट्रकमध्ये दुकानातली दोन पिंपं ठेवलीत," लाइल म्हणाला. "तू रिकाम्या हाताने आला असतास तर तीच लावली असती. पण मला वाटलं, तू आणशील."

"ब्रिनला..."

"तिला काय सांगायचंय त्यात? तिला नाताळापासून बापाच्या हातचीच हवी होती. चल, उचल. एक, दोन..."

जेवणं सुरू झाली तेव्हा लाइलने ग्लासवर चमचा वाजवला. "मंडळी, मी करणार होतो ती फसली. आजची बिअर ब्रिनच्या बापाची!" ब्रिन झगा उचलून धावत आली, एक घोट घेतला आणि वेंडेलच्या गळ्यात पडली. "डॅड! भांडी विसळलेलं पाणी केलंस माझ्यासाठी?"

हवं ते सगळं मिळालं होतं त्याला. तरी लेकीच्या खांद्यावरून लाइलला लोकांचे ग्लास भरताना बघून वेंडेल जळत होता, पहिल्यापेक्षा जास्त जळत होता. पेटी, गॅरेज, आर्डिस याच्याकडे गेली, ते एक वेळ चाललं असतं. पण बादली खराब करणाऱ्याला पाठीशी घालायला जे लागतं, ते या टपालवाल्याकडे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं. आणि हे ब्रिनला कधी कळणारही नव्हतं, कारण लाइल सांगणार नव्हता.

तो एक ग्लास भरून लाइलकडे गेला आणि त्याच्यापुढे धरला. लाइलने उजेडाकडे धरून रंग बघितला, घोट घेतला, तोंडात घोळवला.

"झकास," तो हळूच म्हणाला. "पिकलची चव अजिबात नाही."

वेंडेलला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नये म्हणून तो खाली वाकून नळीचा जोड पुन्हा पुन्हा घट्ट करत बसला.