मोकळा खेळाडू

नियम मी लिहिले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगितलं तर कबुली दिल्यासारखं वाटेल आणि कबुलीचं पुण्य मला नको आहे.

१९९७ साली कुवेतमधल्या अहमदीत ठेकेदार कंपन्यांच्या सहा संघांची बास्केटबॉल लीग होती. दर शुक्रवारी सकाळी सिमेंटच्या कोर्टवर सामने व्हायचे. मी जयप्रकाश, मूळचा पुण्याचा, तेल कंपनीत इंजिनिअर आणि लीगचा बिनपगारी सेक्रेटरी. आमच्या क्लबात अमेरिकन साहेब लोक जुनी मासिकं टाकून जायचे. त्यांतून तिकडच्या व्यावसायिक लीगचे नियम वाचले आणि त्यांची एक छोटी आवृत्ती आमच्या लोकांच्या गळ्यात मारली. संघातल्या पाच मुख्य खेळाडूंचे कंपनीतले पगार मिळून सातशे दिनारांवर जाता कामा नयेत, म्हणजे एखादी श्रीमंत कंपनी सगळी चांगली पोरं ओढून नेणार नाही. आपला जुना माणूस टिकवण्यासाठी मात्र ही मर्यादा ओलांडायची मुभा. करार संपला की खेळाडू मोकळा, पण दुसरीकडे जायचं तर जुन्या संघाच्या मॅनेजरची आणि माझी सही असलेला फॉर्म हवा. त्या फॉर्मला मी नाव दिलं ‘रिलीज’. मासिकात तोच शब्द होता. चौकटी आखून, टाइप करून घेतला होता मी तो, काय मिजास होती माझी!

शत्रुघ्न हा लीगमधला सगळ्यात चांगला गार्ड. चेंडू पुढे घेऊन जायचा, कोण कुठे उभा आहे ते बघायचं आणि नेमका त्याच्या हातात द्यायचा, हे गार्डचं काम. उंची जेमतेम सव्वापाच फूट. दापोलीच्या शाळेत एका मास्तरांनी शिकवलं म्हणायचा. एरवी तो पाइप फिटर होता. पंचाऐंशी दिनार पगार, कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत आठ जण आणि उन्हाळ्यात टाकीच्या माथ्यावर काम. साडेतीन वर्षांत मालकाने त्याला एकदाही रजा दिली नव्हती. त्याची मुलगी दर्शना तो इकडे आल्यावर जन्मली. तिचा एक फोटो त्याच्याकडे होता, तो त्याने मला निदान पाच वेळा दाखवला असेल.

त्या मे महिन्यात त्याचा करार संपत होता. एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला. सुनंदाने, माझ्या बायकोने, पोहे केले. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्याच्यापुढचे मार्ग लिहून काढले. आहे तिथेच राहिला तर मालक पाच दिनार वाढवेल आणि रजेचं नाव काढणार नाही. वफ्राच्या एका शेतमालकाच्या संघात जागा भरपूर, दीडशेसुद्धा देईल, पण तो व्हिसा शेतमजुराचा, एकदा घेतला की त्यातून बाहेर पडणं मुश्कील. तिसरी प्रसादची कंपनी. प्रसाद नाशिकचा, तिथे स्टोअर मॅनेजर. त्याच्या चौघांचे पगार पाचशे पंच्याऐंशी होत होते, म्हणजे एकशे पंधराची जागा शिल्लक. काम स्टोअरमधलं, सावलीतलं, आणि दर वर्षी महिन्याची रजा.

“एकशे पंधरा खूप झाले, सायेब,” शत्रुघ्न म्हणाला. “रजेवर जायाला मिळालं तर शंभरात पन जाईन मी. एकदा पोरीला बघून येतो.”

“मग आधी तुझी रिलीज काढू,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, काय हा माणूस, एवढ्याशा गोष्टीचं केवढं अप्रूप! “तुमी काढाल?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “अरे, माझंच तर काम आहे ते.”

आठ दिवसांनी फॉर्मवर सह्या झाल्या. त्याच्या संघाचा मॅनेजर म्हणजे साइटवरचा एक भला इंजिनिअर, त्याने हसत सही केली. मी कॅम्पावर फोन लावला. “शत्रुघ्न, रिलीज आली रे. कागद माझ्याकडे आहे. आता तू मोकळा. शनिवारी प्रसादकडे जा.”

पलीकडे तो रडत होता. मला वाटलं, बास्केटबॉलवर किती प्रेम आहे याचं!

कुवेतमध्ये रिलीज या शब्दाचा एकच अर्थ होतो, हे तिथला कुठलाही सुतार, गवंडी, ड्रायव्हर सांगेल. ज्याच्या नावावर तुमचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, तो कफील, म्हणजे मालक, सरकारदरबारी लिहून देतो की हा माणूस मी सोडला, त्याने दुसरीकडे काम करावं. त्या कागदासाठी लोक वर्षानुवर्षं हातापाया पडतात. मी पंधरा वर्षं त्या देशात होतो आणि मला तो कागद कधी लागलाच नव्हता. युद्धानंतर परत आलो तेव्हासुद्धा कंपनीने इकामा करून आयता हातात ठेवला. मला रिलीज म्हणजे मासिकातली रिलीज.

शत्रुघ्न चोरून गेला नाही. कॅम्पात सगळ्यांना चहा पाजून, ट्रंक डोक्यावर घेऊन राजरोस गेला. प्रसादने विचारलं, रिलीजचा कागद कुठाय, तर म्हणाला, जयप्रकाश सायबांकडं हाय. माझ्याकडे खरंच एक कागद होता. प्रसादने माझ्या नावावर भरवसा ठेवून त्याला कामावर घेतला. इकडे मालकाने फिटर पळून गेल्याची तक्रार नोंदवली. अकराव्या दिवशी स्टोअरमध्ये तपासणी झाली आणि पोलीस त्याला घेऊन गेले.

प्रसादचा फोन आला तेव्हा कुठे मला उलगडा झाला. मी मिरकाबमधल्या मालकाच्या ऑफिसात धावलो. तिथला मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, इद्रीस म्हणून होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “ग़लती आपकी थी, ये लिखके दो, साहब,” तो म्हणाला. “मालिक केस वापस ले सकता है. पर फिर पुलिस आपसे पूछेगी, दूसरे का आदमी आपने कैसे भेजा.”

घरी आल्यावर सुनंदाला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, “आपला राहुल यंदा दहावीला आहे. काही लिहून देऊ नका.” तिच्यावर ढकलत नाही. ती हेच म्हणेल हे माहीत होतं, म्हणून तर सांगितलं.

चार दिवसांनी मी त्याला भेटायला गेलो. परत पाठवायच्या लोकांना ठेवतात तिथे, जाळीपलीकडे तो उभा होता. बोटांचे ठसे घेऊन झाले होते. ते एकदा नोंदले गेले की त्या देशाचं दार कायमचं बंद. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

“सायेब आले! सांगा यांना, माजी रिलीज तुमच्याकडं हाय. मी सांगतो तर ऐकतच नायत.”

मी त्याला सगळं समजावलं. ती रिलीज खेळाची होती. मालकाला तिचा पत्ताच नव्हता. माझ्या लक्षातच आलं नाही. मला माफ कर. तो जाळीला धरून ऐकत होता.

“मंग मी सुटलो कुठनं?” त्याने विचारलं.

“टीममधून.”

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता हिशेब जुळवत राहिला, आपण कुठल्या दिवशी काय ऐकलं याचा. घरी नर्मदाला, त्याच्या बायकोला, त्याने फोन करून कळवलं होतं की रिलीज झाली, गणपतीला येतो. आता तो गणपतीच्याही आधी पोचणार होता, रिकाम्या हाताने आणि कायमचा.

“सायेब,” तो हळूच म्हणाला, “चूक तुमची होती असं लिवून द्याल? एवढंच. मालक ऐकंल कदाचित. मी तुमचं नाव कुटं खराब करनार नाय.”

मी जाळीकडे बघत म्हणालो, “बघतो.”

हा शब्द मात्र त्याला बरोबर कळला.