मी ओरडत होते, त्यांनी तेल ओतलं

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा राग अजून उतरलेला नाही. गाण्यांची डिस्क नव्हे. मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या आत फिरणारी लोखंडी तबकडी. चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडला की दोन बाजूंनी दोन पॅड मला घट्ट धरतात. मी थांबते, माझ्याबरोबर चाक थांबतं आणि चाकाबरोबर तुम्ही सगळे. इतकं साधं काम. पण एके दिवशी ते मला करू दिलं नाही, आणि वर सगळे माझ्याकडेच बोट दाखवायला आले. म्हणून बोलते आहे.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, निवल्यावर लेथवर चढवलं आणि माझ्या दोन्ही बाजू अशा लख्ख केल्या की तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्यात बघून कपाळावरची बट मागे सारली. आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे मी गाडीत बसले, गाडी दुकानात आली, आणि लोकांनी तिचा रंग पाहिला, गाणी कशी वाजतात ते पाहिलं, सीटवर बसून उसळून पाहिलं. चाकाच्या आत कोण आहे, हे कोणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

माझे मालक शिलाई मशीनं दुरुस्त करतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. कॉलरला नेहमी दोनचार सुया टोचलेल्या आणि हातात लांब चोचीची तेलाची बुधली. मशीन कुरकुरलं की मास्तर दोन थेंब सोडतात, चाक फिरवतात, मशीन गप्प. सारा जन्म हेच केल्यामुळे त्यांची खात्रीच झाली आहे की जगात जे काही आवाज करतं, ते तेल मागतं. दाराच्या बिजागरीला तेल, पंख्याला तेल, आईच्या आरामखुर्चीला तेल. खुर्चीला लाकडी खिळी होती, ती सैल झाली होती. पण ऐकतो कोण?

गाडी चालवायच्या त्या मालकीणबाई. दुरुस्त झालेली मशीनं घरोघर पोचवायची आणि बिघडलेली उचलून आणायची, हे काम त्यांचं. त्यांचा पाय मला ओळखीचा होता. कधी खाडकन दाबणार नाहीत. लांबूनच अंदाज घेऊन हळूहळू भार टाकणार. वर्षानुवर्षं आमचं छान जमलं. मी तापायचे, वाऱ्यावर निवायचे, पुन्हा तापायचे. माझे जुने पॅड झिजत झिजत कागदासारखे पातळ झाले. मीही झिजले होते. माझ्या कडेला एक कंगोरा उभा राहिला होता. तेव्हा मालकीणबाई गाडी घेऊन गॅरेजात गेल्या.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी चाक काढलं, माझ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डिस्क चालेल अजून. पॅड तेवढे बदलतो." त्या दिवशी गॅरेजात गाड्यांची रांग लागली होती आणि मिस्त्रींचा एक कान फोनला चिकटलेला होता. आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथून सुरू झालं. पॅडच्या पाठीला एक पातळ पत्री असते. पॅड आणि त्याला धरणारा लोखंडी चिमटा, या दोघांच्या मध्ये ती बसते आणि पॅडला थरथरू देत नाही. मिस्त्रींनी जुने पॅड त्या पत्र्यांसकट डब्यात भिरकावले आणि नवे पॅड तसेच उघड्या पाठीने बसवले. माझं अंग घासून साफ केलं नाही. नव्या पॅडचं आणि जुन्या डिस्कचं सूत जमायला वेळ लागतो, थोडे दिवस बेताबेताने ब्रेक दाबा, हे सांगायचंही त्यांना सुचलं नाही.

मग काय, पाय पडला की पॅड थरथरायचे. ते थरथरले की मी थरथरायचे, आणि आमच्या थरथरण्याचा आवाज व्हायचा. चीईईईई! कान किटतील असा. मी मुद्दाम करत नव्हते. माझ्यापाशी बोलायला तेवढंच आहे. माझ्या भाषेत त्याचा अर्थ एकच होता: इथे काहीतरी राहून गेलंय, उघडून बघा.

लोकांना मात्र मजा वाटली. समोरचे भाऊजी गॅलरीतून ओरडले, "वहिनी, गाडीत मांजर कोंडलंय का हो?" चौकात माणसं कानांवर हात ठेवून वळून बघू लागली. मालकीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी नुसती लाज धरली नाही, त्यांना काळजीही वाटली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, पायाला काहीतरी वेगळं लागतंय. दाखवून आणते परत."

"आत्ताच तर पॅड टाकलेत. नवी वस्तू आहे, चार दिवस ओरडेल."

"पण मला बरोबर वाटत नाहीये."

"तुला कधी काय बरोबर वाटतं? साध्या आवाजाचा एवढा बाऊ! उद्या मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खाली आले. हातात बुधली. ती पाहिली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी चाकसुद्धा काढलं नाही. चाकाच्या फटीतून बुधलीची चोच आत घातली आणि माझ्या अंगावर तेल सोडलं. दोन थेंब नव्हेत, चांगली धार! गाडी पुढेमागे ढकलून ते सगळीकडे पसरेल अशी व्यवस्थाही केली. अहो मास्तर, मी पकडीवर जगते! मशीनमधल्या दांड्याला घसरायचं असतं, मला धरायचं असतं! पण हे मी सांगणार कसं? माझा आवाज तर त्यांनी नुकताच बुडवला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्याने काढली त्याने मास्तरांना नक्की पाहिलं असणार.

मग त्यांनी आवारातल्या आवारात चार हात गाडी चालवली आणि थांबवली. एवढ्या हळू गाडीला उरलेली तीन चाकंही थांबवतात. "बघ, आवाज गेला की नाही?"

मालकीणबाईंनी विचारलं, "ब्रेक नीट लागतील ना?"

"का नाही लागणार? मी काय आज हत्यार धरतोय हातात?"

त्याच दिवशी मालकीणबाई सासूबाईंना, म्हणजे मास्तरांच्या आईंना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाल्या. सासूबाई मागे बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत लांबलचक उतार आहे. उताराच्या पायथ्याशी माणसं रस्ता ओलांडत होती, पिशव्या घेऊन, पोरांचे हात धरून. मालकीणबाईंनी नेहमीसारखा लांबूनच पाय टाकला. पॅडनी मला धरलं, आणि मी त्यांच्या हातून सुळकन निसटले. त्यांनी आणखी दाबलं. उजव्या चाकाने धरलं, मी नाही. गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर ओढली जाऊ लागली.

मित्रांनो, त्या क्षणी मी जीव तोडून प्रयत्न केला. तेल जळून धूर निघाला, पण पकड काही येईना. मालकीणबाईंनी हॉर्नवर हात ठेवला, गियर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि सगळं अंग टाकून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. तिथे एका बांधकामासमोर वाळूचा ढीग होता. गाडी त्यात धप्पकन घुसली आणि थांबली. ढिगाच्या पलीकडे एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. ढीग तेवढा मोठा होता म्हणून, नाहीतर पुढचं बोलायची माझी हिंमत नाही.

सासूबाईंचा चष्मा फुटला, कपाळावर टेंगूळ आलं. मालकीणबाईंचे हात स्टिअरिंगवरून सुटेचनात. कोणीतरी निरोप दिला तसे मास्तर उतारावरून धावत आले, कॉलरला सुया तशाच. आणि आल्या आल्या विचारतात काय, "गाडीला काय झालं?"

"गाडीला?" सासूबाई कडाडल्या. "आधी गाडीची चौकशी करतोस? काल ही तुला घसा फोडून सांगत होती, ऐकलंस? तुझ्या शिलाई मशीनवर बसून कोणी उतारावरून जात नाही रे!"

मास्तर चाकाशी वाकले. माझ्यावर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. चांगलंच भाजलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्यांनी ते बोट नाकाशी नेलं. स्वतःच्याच तेलाचा वास होता. मग ते तिथेच वाळूत बसले. 

गाडी ओढून गॅरेजात नेली. मिस्त्री हसायलाच लागले. "वहिनी, डिस्कवर तेल घालतं का कोणी?"

"ते मला कळलंय आता. आधी हे सांगा, आवाज का येत होता?"

मिस्त्रींनी चाक उतरवलं, पॅड काढले आणि त्यांचं हसू मावळलं. ते भंगाराच्या डब्याशी गेले. जुन्या पॅडच्या पाठीला पत्र्या अजून चिकटलेल्या होत्या. "घाईत राहिल्या," ते पुटपुटले.

"राहिल्या नाहीत. तुम्ही फेकल्या," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि नंतर एवढा आवाज येत होता, तर सगळ्यांनी मिळून आवाजच बंद केला."

तेल प्यायलेले पॅड फेकून द्यावे लागले. माझीही जाडी संपली होती, ती खरं तर आधीच पाहायला हवी होती. दोन्ही बाजूंना नव्या डिस्क आल्या, पत्र्या जागेवर बसल्या, मिस्त्रींनी स्वतः गाडी उतारावर नेऊन थांबवून पाहिली. मी भंगारात पडणार, तेवढ्यात मालकीणबाई म्हणाल्या, "ती डावीकडची मला द्या."

आता मी मास्तरांच्या दुकानात, कामाच्या टेबलावर तारेने टांगलेली आहे. शेजारी एक पाना लटकतो. गिऱ्हाईक मशीन आणतं, म्हणतं, "आवाज येतोय हो," आणि मास्तरांचा हात सवयीने बुधलीकडे जातो. लगेच मालकीणबाई पाना उचलतात आणि माझ्यावर हाणतात. टणण्! सगळं दुकान दचकतं. मास्तर बुधली खाली ठेवतात आणि आधी मशीन उघडतात.

परवा मालकीणबाईंनी पान्याला हात लावला नव्हता. दारात उभ्या राहून त्या नुसतं म्हणाल्या, "अहो, मला जरा बरं वाटत नाहीये." मास्तरांनी हातातलं मशीन बंद केलं, वळून पाहिलं आणि विचारलं, "काय होतंय? बस, सांग."

मित्रांनो, हे वाक्य त्यांना अपघाताच्या आदल्याच दिवशी आलं असतं तर त्या वाळूच्या ढिगाची गरजच पडली नसती. म्हणून माझा राग गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही. तुमच्या घरात एखादी वस्तू ओरडली किंवा एखादं माणूस ओरडलं, तर त्याचं तोंड बंद करायला धावू नका. आधी उघडून बघा, आधी विचारा. ढिगाच्या पलीकडे ती बाई लेकराला घेऊन उभी होती, हे मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरू नका.