धोंडा, खडा आणि माझ्या पोटातले सेल

मी एक जुना टेप रेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि मला माणसांचा अगदी वैताग आला आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावे, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणावे, असा रिवाज आहे म्हणे. माझ्याकडून ते होणार नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी काळा कुळकुळीत होतो. पोटात चार जाड सेल, समोर कॅसेटची खिडकी, कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा माईक. माझ्या बरोबरचे सगळे गाणी वाजवायला गेले. मला मात्र चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या अक्कांनी विकत घेतले आणि माझ्या नशिबी दोनच शब्द आले : ‘गेला’ आणि ‘आला’.

कोण गेला, कोण आला? तारा. सूर्याभोवती मोठमोठे दगड फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. अक्कांच्या आकाश बघणाऱ्या हौशी मंडळात ‘धोंडा’ म्हणत. एखादा धोंडा फिरता फिरता नेमका एखाद्या ताऱ्याच्या आड येतो आणि तो तारा काही क्षण विझतो. धोंडा इतका अंधुक की साध्या दुर्बिणीतून दिसायचा नाही. पण तारा किती वेळ विझला यावरून तो केवढा आहे ते कळते. म्हणून मंडळाची माणसे गावभर पांगून आपापल्या गच्चीवर दुर्बिणी लावून बसत. शेजारच्या रेडिओवर अचूक वेळेसाठी दर सेकंदाला एक टिक वाजे. ती टिकटिक आणि बघणाऱ्याचा आवाज मी एकदमच पोटात साठवायचो. तारा विझला की ‘गेला’, उजळला की ‘आला’. बस्स.

दोन शब्द! पण माणसांना दोन शब्दांत भागवता येते का? मंडळात सगळ्यांच्या टेप वाजवत तेव्हा मी ऐकत असे. एक दंतवैद्य बाई म्हणायच्या, “अगंबाई, गेला वाटतं! की ढग आला?” आता यातला कुठला शब्द धरायचा? एका सभासदाने तर दुर्बिणीचे झाकण न काढताच ‘गेला, गेला’ असा धोशा लावला होता.

अक्का मात्र शिस्तीच्या. त्यांचा डोळा भिंगाला लागलेला असे, म्हणून माझी बटणे दाबायचे काम त्यांच्या धाकट्या भावाकडे होते. त्याला सगळेच भाऊ म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. हातात कसब होते, पण काटकसर हाडीमाशी भिनलेली. कुणी खोलीतून बाहेर पडले की हा आधी दिवा बंद करी. आत आणखी कुणी बसले आहे का, हे नंतर पाही.

मंडळाचा नियम असा होता की तारा परत आला तरी टेप चालूच ठेवायची. एखाद्या धोंड्याभोवती त्याचा स्वतःचा चिमुकला उपग्रह फिरत असू शकतो. त्याला ही मंडळी ‘खडा’ म्हणत. तो तारा पुन्हा झाकू शकतो. जन्मात एकदा तरी खडा सापडावा, एवढीच अक्कांची इच्छा होती. भाऊला हे शंभरदा सांगून झाले होते. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या संध्याकाळी नुकताच अंधार पडला होता. आभाळ स्वच्छ, रेडिओ सुरात. अक्का म्हणाल्या, “गेला.” टिक, टिक, टिक, टिक. “आला.” आणि भाऊने खट्‌कन मला बंद केले.

दोन श्वास झाले नसतील, तोच अक्का ओरडल्या, “परत गेला! भाऊ, परत गेला! ...आला!”

“पुरे आता, सेल संपतील,” भाऊ वायर गुंडाळत म्हणाला.

हे सगळे माझ्या कानावर पडले, पण पोटात उतरले नाही. टेपच फिरत नसेल तर मी काय करणार? मला कपाळ असते तर बडवून घेतले असते.

पुढच्या रविवारी सायकलच्या दुकानामागच्या खोलीत मंडळ जमले. निवृत्त पोस्टमास्तर त्याचे प्रमुख. ‘टेपवर नाही ते घडलंच नाही’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. मला टेबलावर ठेवून वाजवले. गेला, आला, खट्‌. पुढे नुसती खरखर.

“टेप थांबवली कुणी?” पोस्टमास्तरांनी विचारले.

“चुकून थांबली,” अक्का पटकन म्हणाल्या. “पण तारा दोनदा गेला. खडा आहे तिथे.”

“पापणी लवली असेल तुमची.”

“दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी. माझी पापणी मला कळत नाही?”

“आता स्वतःचाच नंबर काढा, अक्का,” मागून कुणीतरी म्हणाले आणि खोलीत हशा पिकला. अक्का भाऊकडे वळल्या. “तू होतास ना तिथे? मी ओरडले ते ऐकलंस ना? सांग यांना.”

सांगितले असते तर ऐकूनही टेप पुन्हा चालू का केली नाहीस, हा प्रश्न आला असता. “मी वायर गुंडाळत होतो. माझं लक्ष नव्हतं,” भाऊ म्हणाला. तो खोटे बोलतो आहे हे अक्कांना ठाऊक होते, मलाही होते. चारचौघांत धाकट्या भावाला उघडे पाडणे त्यांच्या जिवावर आले. मला तर मेल्याला वाचाच नव्हती!

त्या दिवसापासून अक्कांनी दुर्बिणीवर चादर टाकली. भाऊशी त्या कामापुरते बोलत. भाऊने मला दुकानाच्या माळ्यावर ढकलले, तेही सेलसकट! ज्या सेलसाठी मला बंद केले, ते काढून ठेवायचे काही त्याला सुचले नाही. ते यथावकाश फुटले आणि माझ्या पोटात पांढराहिरवा चिकटा पसरला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. इथे माझ्याच पोटाची वाट लागली. वर्षानुवर्षे मी फुटक्या फ्रेमांच्या खोक्याशेजारी धूळ खात पडलो.

पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. मंडळात टेप जाऊन कॅमेरे आले. तोच धोंडा दुसऱ्या एका ताऱ्याच्या आड आला आणि तिघांच्या कॅमेऱ्यांत तो तारा दोनदा विझला. पोस्टमास्तर काठी टेकत दुकानात आले. “अक्का, खडा आहे. तुमचंच खरं होतं. चुकलो आम्ही.”

अक्का काच पुसत राहिल्या. “मला माहीत होतं,” एवढेच म्हणाल्या. भाऊ दारातच उभा होता. तो शिडी आणायला गेला.

व्हिनेगर आणि जुना टूथब्रश घेऊन त्याने माझे पोट घासले, रबरी पट्टा बदलला, कोरे सेल घातले. वरातीमागून घोडे, मी मनात म्हणालो. मग दोघांना समोर बसवून त्याने तीच कॅसेट लावली. गेला, आला, खट्‌. नेमके तिथेच त्याने रेकॉर्डिंगचे बटण दाबले.

“अक्का म्हणाली, परत गेला. मी ऐकलं होतं. मी म्हणालो, पुरे आता, सेल संपतील. टेपही मीच थांबवली होती. ती मला सांभाळून घेत होती, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो.”

मला त्याची दया आली आणि रागही आला. इतकी वर्षे लागतात का एवढे बोलायला?

पोस्टमास्तरांचा हात सवयीने माझ्या बटणाकडे आला. भाऊने तो धरला. “राहू दे. चालू दे.”

टेप फिरत राहिली. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा भोंगा, एवढेच माझ्या पोटात उतरत होते. बऱ्याच वेळाने अक्कांनी नाक ओढले.

“बंद कर रे आता,” त्या म्हणाल्या. “सेल संपतील.”

तेही मी जपून ठेवले आहे. म्हणून घसा खरवडून सांगतो, मित्रांनो, आम्हांला माळ्यावर टाकण्याआधी पोटातले सेल काढत जा. आणि समोरच्याचे बोलणे संपले असे वाटले, तरी बटणावरचे बोट जरा आवरा. अक्का आता पुन्हा गच्चीवर बसतात, भाऊ शेवटपर्यंत मला चालू ठेवतो, आणि अर्धी टेप थर्मास कुणी खाली विसरला यावरच्या भांडणाने भरते. मला दोनच शब्द हवे असतात, पण सांगतो कुणाला!