मला लावलेलं मोरीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. मोटर म्हटल्यावर तुम्ही लगेच चार चाकं आणि भोंगा डोळ्यांपुढे आणाल. मालवणात सगळे तेच करतात. पण मी गाडी नव्हे. गाडीच्या पोटात, इंजिनाला चिकटून बसलेली तांब्याएवढी विजेची मोटर मी. ड्रायव्हरने बटण दाबलं की मी बॅटरीतली वीज घेते, गर्रकन फिरते आणि झोपलेल्या इंजिनाला उठवते. लोक मला सेल्फ म्हणतात. दिवसभरात माझं काम फार तर दोन मिनिटांचं. पण तेवढ्यात मी रुसले तर बाकी सगळ्यांचा बडेजाव जागच्या जागी राहतो, हे जरा ठसक्यातच सांगते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यातला. माझ्या पोटात तांब्याच्या जाड तारांचे वेढे आहेत. त्यांची टोकं तांब्याच्या पट्ट्यांच्या एका गोल कड्याला जोडली आहेत आणि त्या कड्यावर कार्बनचे तुकडे स्प्रिंगने टेकलेले असतात. वीज त्या कार्बनमधूनच माझ्या अंगात शिरते. तेवढी जागा स्वच्छ आणि कोरडी राहिली की झालं, मी वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. घडवणाऱ्यांनी मला थोडा वेळ भरपूर जोर लावायला घडवलं. दहा सेकंद जोर, मग विसावा.

फिरत फिरत ती जुनी काळी गाडी, आणि तिच्याबरोबर मी, गुणाजीकडे आलो. गुणाजी मासेमारी करणाऱ्यांच्या घरचा. बाप, भाऊ सगळे होडीवर. ह्याला मात्र होडी लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटातलं सगळं बाहेर. मासेमारांच्या त्या वाड्यातल्या लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. शेवटी त्याने समुद्राला रामराम ठोकला आणि भाड्याची गाडी चालवू लागला. गाडीवर त्याचा असा जीव की सकाळी आधी मला पुसायचा आणि मग चहा प्यायचा. असा धनी मिळायला भाग्य लागतं, मी आजही म्हणते.

त्याच वाड्यात रुक्मिणी राहायची, मासे विकणारी. तिची मुलगी विमला मॅट्रिकला बसली होती. वाड्यातून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच मुलगी. परीक्षेचं केंद्र खाडीपलीकडे, वेंगुर्ल्याच्या वाटेवर. पहिला पेपर अकराला. पोचायला उशीर झाला तर वर्ष फुकट, आणि पुन्हा वर्षभर शिकवण्याची रुक्मिणीची ताकद नव्हती. गुणाजीने सांगून टाकलं की पोरीला मी नेणार. सोबतीला तिचा मामा परशुराम निघाला. हा मुंबईत ट्रामच्या कारखान्यात तीस वर्षं विजेच्या मोटरी दुरुस्त करून नुकताच गावी परतला होता.

आणि इथेच गुणाजीने घोटाळा केला. आदल्या दिवशी त्याच्या मनात आलं, उद्या मोठं काम आहे, खाऱ्या वाऱ्याने मोटर गंजायला नको. आता होडीवाले लाकूड खारं पाणी पिऊ नये म्हणून काय करतात? मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल चोपडतात. बापाने होडीला केलं तेच ह्याने मला केलं. माझ्यावरची झाकणाची पट्टी सरकवून कार्बनवर, तांब्याच्या कड्यावर, सगळीकडे बोटाने तेल चोळलं. किती मायेने! मला मात्र शिसारी आली. सकाळी मी कशीबशी एकदा फिरले, इंजिन उठलं, आणि गुणाजी खूश झाला.

खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन होड्या जोडून त्यांवर फळ्या ठोकलेला तराफा होता. तराफा हाकणाऱ्या बाळा तांडेलाने गाडी त्यावर घेतली आणि रिवाजाप्रमाणे इंजिन बंद करायला लावलं. पलीकडे पोचल्यावर त्याने किनाऱ्यापर्यंत दोन फळ्या टाकल्या, चाकांपुरत्या. मध्ये नुसतं पाणी. गुणाजीने बटण दाबलं. मी हललेसुद्धा नाही.

सकाळच्या त्या एका फिरण्यात तेलात कार्बनची भुकटी कालवली जाऊन माझ्या अंगात काळा चिकटा झाला होता. वीज दारापर्यंत येत होती, पण आत शिरायला धड वाट नव्हती. गुणाजी घाबरून बटण दाबतच राहिला आणि मी तापत गेले. हँडल मारावं तर गाडीपुढे उभं राहायला जागा नाही. ढकलून चढेल असा तो चढ नव्हता. त्यात ओहोटी लागलेली. बाळाने बजावलं की अर्ध्या तासात तराफा इतका खाली जाईल की गाडी चढायचीच नाही. चालत जावं तर केंद्र पाच मैल. विमला वही छातीशी धरून बसली होती.

परशुरामने बटणावरचा गुणाजीचा हात बाजूला केला. माझी पट्टी सरकवली, बोट घातलं आणि वास घेतला. गुणाजीचं तोंड उतरलं.

"मियांच लायलंय," तो म्हणाला. "खाऱ्या वाऱ्याक गंजात म्हणान."

"होडयेक जां औषध, तां हिका विष, रे," परशुराम म्हणाला. रागावला नाही. तीस वर्षांत त्याने मोटरींचे ह्याहून वाईट हाल पाहिले होते.

त्याने आधी बॅटरीची तार सोडवली. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने कडं पुसलं, कार्बन काढून घासले. पण पट्ट्यांच्या मधल्या बारीक फटींत चिकटा तसाच राहिला, आणि त्याची जाड बोटं तिथे पोचेनात. तेव्हा विमला खाली उतरली. तिने परीक्षेसाठी आणलेल्या टाकाची निब काढली.

"मामा, सरा. मी करतंय."

जाळ्याची घरं सांधणारी बोटं ती. एकेक फट तिने खरवडून काढली. निबेचं टोक वाकलं, बोटं काळी झाली, ती थांबली नाही. मित्रांनो, माझ्या अंगाला इतका हलका हात पुन्हा कधी लागला नाही.

काम झालं, पण परशुराम बटणाला हात लावू देईना. पेट्रोल उडून जायला हवं, नाहीतर माझ्या ठिणगीने सगळेच पेटतील. पाणी उतरत होतं. बाळा एकसारखा फळ्यांकडे बघत होता, आणि गुणाजीने तर देवाचा धावा सुरू केला. परशुराम वाकून वास घेत राहिला. वास पुरता गेला तेव्हाच त्याने तार जोडली आणि मान हलवली.

गुणाजीने बटण दाबलं. मी अशी फिरले की स्वतःलाच आश्चर्य वाटलं! इंजिन उठलं, गाडी फळ्यांवरून वर चढली. मागचं एक चाक क्षणभर घसरलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. विमला अकराला पाच मिनिटं कमी असताना वर्गात शिरली. तो पेपर तिने वाकड्या निबेने लिहिला.

जूनमध्ये निकाल लागला. विमला पास. रुक्मिणी नारळ घेऊन थेट गाडीपाशी आली आणि इंजिनाचं झाकण उघडून माझ्यासमोर उभी राहिली. वाड्यातले लोक जमले. ती माझ्यावरच नारळ फोडणार, इतक्यात गुणाजी आडवा आला.

"वयनी, थंय नको. हयसर फोड. तिका पानी सोसना नाय."

नारळ गाडीपुढच्या दगडावर फुटला. सगळे हसले. मला मात्र भरून आलं. माझ्यावर जीव गुणाजी आधीही टाकत होता. मला काय सोसतं हे त्याला आता कळलं होतं. पुढे दर महिन्याला तो माझं कडं कोरडं पुसायचा, कार्बन झिजले का पाहायचा, आणि काही अडलं तर परशुरामला विचारायचा. म्हणून तर मी इतकी वर्षं त्या खाऱ्या वाऱ्यात टिकले. त्या तिघांचे उपकार मी विसरायची नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही वस्तू असतील, जनावरं असतील, म्हातारी माणसं असतील. त्यांच्यावर माया करा, भरपूर करा. फक्त हात लावण्याआधी एकदा विचारा, तुला काय सोसतं?