सहा डिसेंबरच्या अडतीस पावत्या

खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी सीएच्या निकालालासुद्धा घाबरले नव्हते. शहापुरात माझं ऑफिस आहे. बाहेर पाटी आहे, 'संघरत्ना सोमा जाधव, चार्टर्ड अकाउंटंट'. पाटी वाचून लोकांना वाटतं, बाईला आकड्यांतलं सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं.

मुरबाडकडच्या एका सोसायटीचं ऑडिट मी चार वर्षं करत होते. ही सोसायटी शेतकऱ्यांचं भात विकत घेते, पावती देते, गोदामात ठेवते आणि मग गिरणीला देते. यंदा गिरणीने भात उचललं तर चारशे छप्पन्न क्विंटल कमी भरलं. गुरुवारी चेअरमन मनोजशेठ स्वतः माझ्याकडे आले.

"मॅडम, ते घोटाळा शोधायचं फॉरेन्सिक ऑडिट का काय म्हणतात ते तुम्हीच करा. आपलं माणूस बरं असतं. गोदामपाल अनंताने हात मारलाय, हे तर उघडच आहे. तुमचा रिपोर्ट जोडला की सोमवारी पोलिसात देतो."

मी फुगले हो! अशा ऑडिटचा दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. आपणच केलेलं ऑडिट आपणच तपासायचं नसतं, एवढी साधी गोष्ट मला माहीत होती. तरी हो म्हणून बसले.

शुक्रवारी अनंता आला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावचा, पन्नाशीचा माणूस. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, मी भात खाल्लं नाय. तेवढं भात माझ्याकडं आलंच नाय तर मी इकू काय?"

"पावत्या आहेत ना, अनंतादादा. पावती म्हणजे भात आलं."

"पावत्या हापिसात फाडतात. मी पोती बघतो. तुमी चार वर्सांत एकदा तरी गोदामात आल्या का?"

मला असा राग आला! माझ्या ऑडिट रिपोर्टात दरवर्षी एक ओळ असते, 'साठा व्यवस्थापनाच्या दाखल्यानुसार'. म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. जाताना अनंता म्हणाला, "पोरीचं लगीन ठरलंय. बापाला पोलीस घेऊन गेले तर मोडंल." तो गेल्यावर मी चहा मागवला आणि तो तसाच थंड झाला.

शनिवारी सकाळी पावत्यांचे गठ्ठे सोडले. आजवर मी पावतीत काय बघायचे? नंबर, वजन, सही, बेरीज. जुळलं की हिरव्या पेनाने खूण. नाव कोण वाचतंय? त्या दिवशी पहिल्यांदा नावं वाचायला बसले आणि एका पावतीवर थांबले. सोमा नामा जाधव, बारा क्विंटल. अगं बाई, हे तर बाबा!

बाबांचं भात घरापुरतं. विकायला बारा क्विंटल कुठून येणार? मग तारीख पाहिली. सहा डिसेंबर. त्याच तारखेच्या अडतीस पावत्या होत्या, सगळी नावं आमच्या वस्तीतली. सहा डिसेंबरला आमची वस्ती दादरला चैत्यभूमीवर असते. घरांना कुलूप आणि राखणीला सुद्धा कोणी नसतं. रिकाम्या वस्तीची नावं घ्यायला कोणाला तरी सोपी वाटली असणार. बेरीज केली, चारशे छप्पन्न. भात चोरीला गेलंच नव्हतं, ते कधी आलंच नव्हतं. आणि प्रत्येक पावतीवर माझी हिरवी खूण होती.

या भाताचे पैसे कुठे गेले ते बघायला मी सोसायटीत फोन करून या अडतीस जणांच्या बँक खात्यांची यादी मागितली. दहा मिनिटांत मनोजशेठचाच फोन आला. आवाज अगदी गोड.

"कशाला एवढ्या खोलात जाता, मॅडम? खाती त्यांच्याच नावाची आहेत. उद्या पोलीस विचारतील, सोमा जाधवांनी भात न घालता पैसे कसे घेतले? म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? आणि मार्चच्या ऑडिटवर तुमची सही आहेच की."

फोन ठेवला आणि तेव्हा कळलं, यांनी मलाच का निवडलं. मी हुशार म्हणून नव्हे. चार वर्षं माझ्या डोळ्यांखालून सगळं गेलं आणि मला काही दिसलं नाही, म्हणून. भिंतीवरचं सर्टिफिकेट मी उतरवून टेबलावर पालथं ठेवलं.

रविवारी स्कूटर काढून वस्तीवर गेले. बाबा अंगणात दोरी वळत बसले होते. पावतीची रंगीत झेरॉक्स त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ही सही माजी नाय. ह्या खात्याचं मला ठावंच नाय. म्हातारपणी मला जेलात टाकतील काय गो?"

"मी गप्प बसले तर तुम्हाला कोणी हात लावणार नाही, बाबा. पण अनंता जाईल."

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. "त्याला पोर हाय ना?"

"हो. लग्न ठरलंय तिचं."

"मग लिही. आमी अडतीसच्या अडतीस येऊन सांगू, त्या दिवशी कुठं होतो ते." मग त्यांनी पावती डोळ्यांजवळ धरली. "पन गो, तू तर माझ्याबरोबरच होतीस ना? रांगेत माझी पिशवी तूच धरली होतीस. मग ही हिरवी खूण कोनी केली?"

"मी," म्हटलं. बाबांनी झेरॉक्सची घडी घालून ती माझ्या हातात परत दिली.

मोबाइलमध्ये तो फोटो सापडला. सहा डिसेंबर, सकाळचे अकरा, चैत्यभूमीची रांग, पांढरा सदरा घातलेले बाबा, शेजारी मी, मागे अर्धी वस्ती. अडतीस पावत्या खोट्या ठरवणारा पुरावा आठ महिने माझ्या पर्समध्ये होता.

सोमवारी मनोजशेठ यायच्या आधी मी रिपोर्ट घेऊन सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कार्यालयात गेले. त्यात अनंताचं नाव चोर म्हणून कुठेही नव्हतं. साक्षीदारांत पहिलं नाव माझं लिहिलं होतं आणि 'कोणाच्या निष्काळजीपणामुळे' या रकान्यातही माझंच. पाटी राहील की जाईल, कोण जाणे. खाली केलेली सही इतकी वाकडीतिकडी आली की साहेबांनी विचारलं, ही सही तुमचीच ना?