अतिसार म्हणजे काय

मथुराने ऑपरेशनला होकार दिला तो माझ्या भाषांतरावर विसंबून. ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात मी रेकॉर्ड क्लार्क होतो. केसपेपर क्रमाने लावायचे, कोणी मागितला की काढून द्यायचा, एवढंच माझं काम. पेशंटशी बोलायची वेळ फारशी येत नसे आणि मला ते बरंच वाटायचं.

डॉ. विद्याधर त्रिलोकेकर त्या वर्षी अमेरिकेतून शिकून आले होते. वजन कमी करण्याचं एक नवं ऑपरेशन ते शिकले होते. आतड्याचा बराचसा भाग बाजूला ठेवायचा आणि वरचं टोक थेट खालच्या टोकाजवळ जोडायचं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही आणि माणूस बारीक होतो. त्यासाठी पेशंटने सही करायचा दोन पानांचा इंग्रजी फॉर्म त्यांनी तयार केला होता. मी दुपारच्या सुट्टीत पुस्तक वाचत बसतो हे त्यांनी पाहिलं होतं. एकदा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मार्तंडराव, तुमचं मराठी चांगलं आहे. एवढं करून द्या. पहिली पेशंट बाई आहे, तिला वाचूनही दाखवा."

माझं मराठी चांगलं आहे असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं. मी शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळी बसलो. एका ठिकाणी मूळ इंग्रजीत अगदी साधं लिहिलं होतं की ऑपरेशननंतर दिवसातून आठ-दहा वेळा पातळ जुलाब होतील, काही महिने, कदाचित त्याहून जास्त. ते वाक्य बाईमाणसाला वाचून दाखवावं लागेल या विचाराने माझे कान गरम झाले. मी लिहिलं, 'शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाल अतिसार संभवतो.' ते 'संभवतो' मला फार आवडलं होतं.

या ऑपरेशनची पहिली पेशंट मथुरा. वेसाव्याच्या बळवंत टपक्यांची मुलगी, वय बावीस. ती आली होती गुडघ्यांसाठी. वॉर्डातला वजनकाटा एकशेवीस किलोला संपत होता, म्हणून तिला खाली भांडारातल्या काट्यावर नेलं. एकशे एकतीस भरलं. "कोलंबीच्या पाटीसारखी तोलली मना," ती वर येऊन म्हणाली आणि स्वतःच हसली. तिची आई सरूबाई तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासे विकत होती. आता तिला बसलं की उठवत नव्हतं, म्हणून वर्षभर बाजारातली जागा मथुरा सांभाळत होती. पण बंदरावरून पाटी उचलून आणायची, सहा तास उकिडवं बसायचं आणि उरलेलं दारोदार फिरून विकायचं, हे तिच्या गुडघ्यांना झेपेना. जागा गेली तर दुसरी मिळत नसते. ती जागा टिकवायची म्हणून तिला बारीक व्हायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. लग्नाचं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "नवरा काय, पाटी उचलणार हाय माझी?"

घरातून सगळ्यांचा विरोध होता. बापाने बोलणं टाकलं. ही तीन दिवस जेवली नाही. शेवटी आई तयार झाली. मग हिने साऱ्या कोळीवाड्यात आणि साऱ्या बाजारात सांगून टाकलं की आपण ऑपरेशन करून घेणार, आणि शिमग्याला आलात तर मला ओळखणार नाही.

मी तिला फॉर्म वाचून दाखवला तेव्हा ती लक्ष देऊन ऐकत होती. प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मला वाटलं, भाषांतर उतरलं आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी सहीसाठी वॉर्डात गेलो. मथुरा खाटेवर मांडी घालून बसली होती. सरूबाई शेजारच्या स्टुलावर होती. माझ्याकडे बघून मथुरा म्हणाली, "या मास्तर. तुमचीच गोष्ट चाललीय." मी मास्तर नव्हतो, पण कागद वाचून दाखवणारा तो तिच्या लेखी मास्तर.

"आईला सांगत होते, घरात कोकमं भरून ठेव. परत आल्यावर मना रोज लागणार."

"कोकमं कशाला?" मी विचारलं.

"साराला. तुमीच वाचलंत ना, अतिसार. आमच्याकडे कालवण बोलतात, पण तुमच्या लोकांच्या घरी मासे द्यायला जाते ना मी, तिकडे सार बोलतात ते ठाऊक हाय मना. आजारी माणसाला सार-भात. अतिसार म्हणजे सारच सार. आणि दीर्घकाल म्हणजे पुष्कळ दिवस. बरोबर?"

सरूबाई कौतुकाने म्हणाली, "चौथीत पहिली आलेली ही."

मी फॉर्म हातात धरून उभा राहिलो. मनात आलं की सही घ्यावी आणि निघून जावं. उद्या सकाळी आठला ऑपरेशन, सगळी तयारी झालेली, डॉक्टर कित्येक दिवस याच दिवसाची वाट पाहत होते. आणि मी कोण होतो? पण ती माझ्याकडे बघत होती, आपण बरोबर ओळखलं की नाही ते ऐकायला.

"तसं नाही," मी म्हणालो. "अतिसार म्हणजे... पोट बिघडतं."

"कोणाचं बिघडत नाय?"

"वारंवार बिघडतं. म्हणजे शौचाला..."

"मास्तर, काय चघळताय?" सरूबाई म्हणाली. "काटा अडकलाय का घशात? थुका तो."

"हगवण," मी म्हणालो.

मला हळू म्हणायचं होतं. पण अडकलेला शब्द सुटला की आवाजाचा अंदाज राहत नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्सने टेबलावरून मान वर केली. आता बोललोच आहे तर सगळं बोलून टाकावं म्हणून मी फॉर्मकडे न बघता सांगितलं, "दिवसातून आठ-दहा वेळा. काही महिने. वर्षभरही चालेल, नक्की कोणाला सांगता येत नाही. मला तो शब्द लिहायची लाज वाटली, म्हणून मी दुसरा लिहिला. चूक माझी आहे."

मथुरा आधी हसली. अंग गदगदा हलवून हसली, खाट करकरली. मग हसता हसता थांबली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली.

"आई," ती म्हणाली, "आपल्या बाजारात बायांचा संडास कुठे हाय?"

"कुठे हाय? नाय."

"नायच. मास्तर, पहाटे पाचला मी एक घोट पाणी पिते. त्याच्यानंतर घरी येईपर्यंत घोट नाय, जावं लागू नये म्हणून. सगळ्या बाया तशाच बसतात. आणि तुमी सांगता आठ-दहा वेळा." तिने मोजणारी बोटं मिटली. "मंग मी बाजारात बसणार कशी? ज्या जागेसाठी पोट कापून घेते, त्या जागेवर बसता नाय येणार."

सरूबाईने मुलीच्या पोटरीवर हात ठेवला.

"आई, तू बोल ना काय तरी."

"मी नाय बोलणार. मागे बोलले तर तीन दिवस जेवली नाय तू. तुझं पोट, तू ठरव."

"आता माघारी फिरले तर बाजार काय बोलेल? घाबरली बोलतील. एवढी मोठी अंगाने, आणि सुरी बघून पळाली."

ते खरं होतं. बाजार तसंच म्हणाला असता.

साडेचारला डॉ. त्रिलोकेकर राउंडला आले. बरोबर दोन शिकाऊ डॉक्टर आणि सिस्टर. सिस्टरने अंगठ्याच्या शाईचा डबा आणला होता. मी त्यांच्यासमोर गेलो आणि माझं भाषांतर चुकलं होतं, आत्ता दुरुस्त करून सांगितलं, एवढं म्हणालो. त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला घाबरवलंत."

"मना कोणी घाबरवलं नाय, डाक्टर," मथुरा म्हणाली. "मना विचारायचं हाय. बसा."

डॉक्टर बसले नाहीत, पण थांबले.

"गिऱ्हाईक येतं, विचारतं, मासा ताजा हाय का. आमी नुसतं हाय बोलत नाय. माशाच्या गालामागचा कल्ला उघडून दाखवतो. लाल असला तर ताजा. काळा पडला असला तर गिऱ्हाईक उठून जातं, आमी शिव्या नाय देत त्याला. तुमी मना कल्ला दाखवा."

शिकाऊ डॉक्टरांपैकी एक हसला. त्रिलोकेकर हसले नाहीत. "विचार," ते म्हणाले.

"असं ऑपरेशन तुमी किती जणांचं केलंत?"

"तिकडे एकवीस ऑपरेशनांत मी मदतीला उभा होतो."

"मदतीला नाय. तुमी स्वतः."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "इथे तू पहिली."

"त्या एकवीस जणांतले बारीक किती झाले?"

"सगळेच. वर्षभरात कोणी चाळीस किलो, कोणी साठ."

"आणि वाईट किती झालं?"

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "दोघांचं लिव्हर बिघडलं," ते म्हणाले. "एक बाई गेली. बाकीच्यांचं पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काय होईल ते अजून कोणालाच माहीत नाही. एवढा वेळच झालेला नाही."

"जो भाग बाजूला ठेवता, तो आत काय करतो?"

"नुसता पडून राहतो."

"त्याच्यात पाणी खेळत नाय?"

"नाही."

"खाडीचं तोंड बुजवलं की आतलं पाणी कुजतं, डाक्टर. तिथे पहिला मासा मरतो, मंग वास."

त्रिलोकेकर आता स्टुलावर बसले. सरूबाई आधीच उठून उभी राहिली होती. "त्याबद्दल लोक आत्ता कुठे लिहायला लागलेत," ते म्हणाले, तिला की स्वतःला ते कळलं नाही.

"आणि नाय केलं तर मी मरेन?"

"आज नाही. उद्याही नाही. गुडघे दुखतील. वजन वाढत गेलं तर पुढे साखर, हृदय. ते मी लपवणार नाही. पण घाई तुझ्या शरीराला नाही. घाई..." ते थांबले. "घाई मला होती."

मथुराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हा कल्ला लाल हाय," ती म्हणाली. "तुमी खरं बोललात. द्या मास्तर, कागद."

मला वाटलं ती सही करणार. सिस्टरलाही तेच वाटलं. तिने शाईचा डबा पुढे केला. मथुराने तो हाताने बाजूला सारला. "मना लिहिता येतं," ती म्हणाली आणि माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं. गुडघ्यावर फॉर्म ठेवून, जीभ दातांत धरून तिने सहीच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सगळं समजलं. नको. मथुरा बळवंत टपके.' नंतर वरच्या मजकुरातून 'अतिसार' हा शब्द शोधून काढला, त्याच्यावर एक रेघ मारली आणि बाजूला 'हगवण' असं लिहिलं.

"आता पुढचीला बरोबर वाचा," ती मला म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "ऑपरेशन नको. पण गुडघ्याचं औषध द्या. काय खायचं, काय सोडायचं ते सांगा. साखर बघा. दर महिन्याला येईन. फुकट नाय येणार, सुरमई आणीन."

"सुरमई नको," डॉक्टर म्हणाले. "पण ये."

पाच वाजता भेटीची वेळ सुरू झाली आणि बाजारातल्या बाया आल्या. सात-आठ जणी होत्या, हातात नारळ, डोक्यात अबोली. उद्याच्या ऑपरेशनआधी तिला बघून जायचं म्हणून बाजार उठताच सरळ आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे सखुबाई, बाजारातली सर्वांत जुनी, जिच्या जिभेला साऱ्या भिऊन असत. मी दाराशी उभा होतो. मथुराने हॉस्पिटलचा पांढरा झगा उतरवून आपलं हिरवं लुगडं नेसलं होतं. ते बघून सखुबाई थबकली.

"काय गं? पळाली?"

मथुरा उठून उभी राहिली, एका हाताने खाटेचा लोखंडी दांडा धरून.

"नाय पळाले. विचारलं," ती म्हणाली, आणि त्यांना सगळं सांगितलं. एकवीस जणांचं, गेलेल्या बाईचं, खाडीच्या पाण्याचं. माझा शब्द आणि त्याचा खरा अर्थ ती इतक्या मोठ्याने बोलली की पुरुषांच्या वॉर्डातूनही हसण्याचा आवाज आला. बाया मात्र हसल्या नाहीत. दिवसातून आठ-दहा वेळा म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहाटेपासून पाण्याविना बसलेल्या सगळ्या.

"मी हाय तशी हाय," मथुरा म्हणाली. "एकशे एकतीस. ज्याला बोलायचं त्याने माझ्या तोंडावर बोला. पण जागा माझी हाय. मी उद्या येणार."

सखुबाईने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग कंबरेवर ठेवलेला हात काढला.

"तुझी जागा आज एक जण मागायला आलेली," ती म्हणाली. "मी सुरी दाखवली. उद्यापासून खाली नाय बसायचं. उलटं खोकं ठेवते, त्याच्यावर बस, पाय सोडून. बाजार काय बोलेल ते मी बघते. आणि तुझी पाटी बंदरावरून शकु आणेल. ए शकु, आणशील ना?"

"आणीन की," मागून एक आवाज आला. "तिची कोलंबी माझ्यापेक्षा चांगली असते, त्यातली चार खाईन वाटेत."

"खाऊन बघ," मथुरा म्हणाली.

सगळ्या एकदम निघाल्या. डिस्चार्जचा कागद माझ्याकडे होता, म्हणून मीही मागून गेलो. कॉरिडॉर त्यांनी भरून गेला. समोरून येणारी स्ट्रेचर भिंतीला लागून उभी राहिली, वॉर्डबॉय "बायांनो, हळू" म्हणत राहिला आणि कोणी त्याचं ऐकलं नाही. मथुरा मधोमध चालत होती. गुडघे दुखत होते, ते दिसत होतं. गेटपर्यंत ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा साऱ्याजणी थांबल्या, गप्पा मारत, कोणी घाई न करता. तिची धाप ओसरली की ती आधी पाऊल टाकायची आणि मग बाकीच्या निघायच्या.